घर भाड्याने दिले, जबाबदारी कुणाकडे राहिली?



आजचा विषय 'घरमालकांसाठी विमा आणि दायित्व' असा आहे. शब्द जड आहेत, पण प्रश्न साधे आहेत आणि दोनच आहेत. भाड्याने दिलेल्या आपल्या घराचे नुकसान झाले तर ते कोण भरून देणार? आणि आपल्या घरामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणाचे सामान जळाले, कुणाचा जीव गेला, तर ती भरपाई कोण देणार? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या विम्यांत आहेत. बहुतेक घोटाळा होतो तो हे दोन्ही एकच समजल्यामुळे. 'आमचा विमा आहे' असे आपण म्हणतो, आणि तो यातल्या कुठल्या प्रश्नाचा आहे हे पाहिलेलेच नसते.

संत तुकाराम नगरात हा विषय का घ्यायचा, ते आधी बघू. इथे वायसीएम रुग्णालय आहे, डी. वाय. पाटीलचे मेडिकल कॉलेज आहे, वल्लभनगरचा एसटी आगार आहे, पलीकडे भोसरी एमआयडीसी आहे. मार्च २०२२ पासून दाराशी मेट्रोचे स्टेशनही आहे. त्यामुळे भाडेकरूंना तोटा नाही. नर्स आहेत, विद्यार्थी आहेत, कंपनीत नव्याने लागलेली मुले आहेत, पेशंटसोबत महिना-दोन महिने राहणारे नातेवाईकही आहेत. आणि घरमालक कोण? मोठे बिल्डर नव्हेत. एचए कंपनीतून, टेल्कोतून, भोसरीच्या एखाद्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभराच्या फंडातून एक फ्लॅट घेतलेला, किंवा राहत्या घरावर एक मजला चढवलेला. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. म्हणजे अनेक घरांत खरे पेन्शन म्हणजे त्या वरच्या मजल्याचे भाडे. ते घर जळाले तर घरही जाते आणि महिन्याचे औषधपाणीही जाते. आणि दुसऱ्याची भरपाई द्यायची वेळ आली तर उरलेसुरलेही जाऊ शकते.

आता आपल्याच शहरातल्या तीन घटना आठवून पाहा.

१७ एप्रिल २०२३. किवळ्यात महामार्गाच्या कडेला मोठे होर्डिंग होते. संध्याकाळी वारा-पाऊस आला, काही माणसे आडोशाला थांबली, आणि होर्डिंग कोसळले. पाच जण गेले. गुन्हा दाखल झाला तेव्हा होर्डिंगवाल्यांबरोबर जागामालकाचेही नाव त्यात आले.

८ डिसेंबर २०२३. तळवडे. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या शेडला आग लागली. सहा जण जागीच गेले, आणि उपचार सुरू असलेल्यांपैकी आणखी काही जण पुढच्या दिवसांत दगावले. तिथेही पोलिसांनी धंदा चालवणाऱ्यांबरोबर जागा देणाऱ्यांना गुन्ह्यात घेतले.

२४ ऑक्टोबर २०२४. भोसरीचे सद्गुरूनगर. कामगारांच्या वसाहतीत तात्पुरती बांधलेली पाण्याची टाकी सकाळी कोसळली. खाली आंघोळ करणाऱ्या कामगारांपैकी पाच जण गेले.

या प्रकरणांत कोर्टात कोण दोषी ठरते, हा आपला विषय नाही. गुन्ह्यात नाव येणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की 'मी फक्त जागा दिली होती' एवढ्या उत्तरावर मालक मोकळा होत नाही. त्याला वकील लागतो, तारखा लागतात, आणि नुकसानभरपाईचा दावा आला तर पैसाही लागतो.

बरं, कायदा काय म्हणतो? आपल्याकडे घर बहुधा 'लिव्ह अँड लायसन्स'वर देतात, अकरा महिन्यांच्या कराराने. याचे मूळ १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. लायसन्स म्हणजे राहण्याची परवानगी. त्यातून राहणाऱ्याचा जागेत हक्क तयार होत नाही आणि कायदेशीर ताबा मालकाकडेच राहतो. आपण हा करार करतो तोच त्यासाठी, की मुदत संपली की घर परत मिळावे. पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. ताबा आपला, तर जागेच्या सुरक्षिततेबद्दल पहिला प्रश्नही आपल्यालाच विचारला जाणार. समोरचा वकील नेमका हाच मुद्दा मांडेल.

त्याच कायद्यात पुढे कलम ५७ आणि ५८ आहेत. ५७ सांगते, की जागेत धोकादायक दोष असेल, तो मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. ५८ सांगते, की राहणाऱ्याला किंवा त्याच्या मालमत्तेला धोका होईल असे काही मालकाने त्या जागेत करता कामा नये. गॅलरीचा कठडा हलतो हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपण काही न बोलता चावी दिली, तर ते बसते ५७ मध्ये. जुन्या पद्धतीची भाडेकरारी असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चे कलम १४ लागते. वेगळे काही ठरलेले नसेल तर घर राहण्याजोग्या स्थितीत दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी, असे ते कलम सांगते.

हा झाला दिवाणी भाग. मृत्यू झाला तर फौजदारी भाग येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ती दोन वर्षांपर्यंत होती. इथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. कोणताही विमा तुरुंगवास वाचवत नाही आणि कोर्टाने केलेला दंडही भरत नाही. विमा देतो ती दिवाणी भरपाई. म्हणून दुरुस्ती आधी, विमा नंतर.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. घराचे नुकसान.

विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली. तिचे नाव 'भारत गृह रक्षा'. सर्वसाधारण विमा कंपनी कुठलीही असो, या पॉलिसीचा मूळ मजकूर सारखाच. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, बाहेरून वाहन किंवा झाड आदळणे, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेले नुकसान, दहशतवादी कृत्य, हे सगळे त्यात येते. चोरीचे मात्र नीट ऐका. वरच्यापैकी एखादी आपत्ती घडली आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती धरतात. एरवी कुलूप तोडून चोरी झाली तर त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

विम्याची रक्कम किती धरायची? इथे नेहमी गल्लत होते. आपण बाजारभाव धरतो. समजा फ्लॅट ६० चौरस मीटर कार्पेटचा आहे आणि बाजारात तो ५५ लाखांना जाईल. पण त्या ५५ लाखांत जमिनीची किंमत आहे, मेट्रोची किंमत आहे, परिसराची किंमत आहे. आग लागली तर जमीन जळत नाही. विमा धरायचा तो पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा. बांधकामाचा दर चौरस मीटरला २५,००० रुपये धरला, तर ६० गुणिले २५,००० म्हणजे १५ लाख. दर उदाहरणापुरता घेतला आहे, तुम्ही आपल्या ओळखीच्या इंजिनिअरला विचारा. पण हिशोबाची पद्धत हीच. म्हणून 'घराचा विमा परवडत नाही' असे म्हणण्याआधी योग्य रकमेवर हप्ता विचारून पाहा.

घरातल्या सामानाला या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळते. वरच्या उदाहरणात ते तीन लाख होते. पण हे सामान आपले. आपण दिलेला पलंग, फ्रिज, कपाट. भाडेकरूचा लॅपटॉप आणि त्याचे कपडे यात येत नाहीत, कारण ज्या वस्तूत आपले हित नाही तिचा विमा आपल्याला उतरवता येत नाही.

आता घरमालकाच्या सर्वांत उपयोगाची आणि सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट. या पॉलिसीत भाड्याचे नुकसानही भरून मिळते. आगीमुळे किंवा दुसऱ्या विमित कारणाने घर राहण्याजोगे उरले नाही आणि भाडे बंद झाले, तर घर पुन्हा राहण्याजोगे होईपर्यंत, पॉलिसीतल्या मर्यादेत, ते भाडे मागता येते. यासाठी दोन कागद लागतात. घर राहण्यालायक नाही असा आर्किटेक्टचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा दाखला, आणि भाडे किती होते याचा पुरावा. करारात नऊ हजार लिहायचे आणि रोख चौदा घ्यायचे, अशी सवय असेल तर दावा नऊचाच होणार. मात्र भाडेकरू नुसता सोडून गेला, घर दोन महिने रिकामे राहिले, भाडे थकले, तर ते या विम्यात नाही. तो व्यवहारातला तोटा.

आणखी काय मिळत नाही? हळूहळू येणारी ओल, गंज, वाळवी, जुनेपणाने झालेली पडझड. शॉर्टसर्किटने एसी जळाला तर तो एसी मिळत नाही. पण त्या एसीतून आग पसरून बाकीचे घर जळाले तर बाकीच्याचे नुकसान मिळते. हा फरक सर्व्हेअरसमोर फार महत्त्वाचा ठरतो.

'आमच्या सोसायटीने बिल्डिंगचा विमा काढलाय,' असे पुष्कळ जण सांगतात. चांगले आहे. पण पॉलिसीची प्रत एकदा मागून वाचा. तिच्यात बहुतेक वेळा इमारतीचा सांगाडा आणि सामाईक भाग असतो. तुम्ही आत बसवलेला ओटा, फर्निचर आणि बुडालेले भाडे त्यात असेलच असे नाही. आणि भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, त्याचा विम्याशी काहीही संबंध नाही. तो पैसा भरला म्हणून कुठलेही संरक्षण मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न, दायित्वाचा.

भारत गृह रक्षाच्या मूळ पॉलिसीत दुसऱ्याला द्यावी लागणारी भरपाई येत नाही. घरमालकांनी आज एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी पुरे. गॅलरीचा कठडा तुटून खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडला, आपल्या फ्लॅटमधला पाइप फुटून खालच्या घराचे छत आणि फर्निचर गेले, अर्थिंग नसलेल्या गीझरचा शॉक बसून भाडेकरूचा मुलगा गेला, तर त्या माणसांचा दावा आपल्यावर येतो. त्यासाठी 'सार्वजनिक दायित्व' म्हणजे पब्लिक लायबिलिटीचे कव्हर लागते. ते काही कंपन्यांच्या 'हाउसहोल्डर पॅकेज' पॉलिसीत एक विभाग म्हणून मिळते, काही ठिकाणी जादा कव्हर म्हणून जोडता येते, आणि मोठी मालमत्ता असेल तर स्वतंत्र पॉलिसी घेता येते.

घेताना चार गोष्टी विचारा. एक, भाड्याने दिलेले घर चालते का? कारण काही पॉलिसींत हे कव्हर मालक स्वतः राहतो त्या घरापुरतेच असते. दोन, भाडेकरूला 'तिसरा पक्ष' धरले आहे का? रस्त्यावरच्या माणसाला धरले आणि घरात राहणाऱ्याला वगळले, तर आपल्या उपयोगाचे निम्मे गेले. तीन, एका अपघाताची मर्यादा किती आणि वर्षाची किती? चार, वकिलाचा खर्च त्या मर्यादेच्या आत की वेगळा? ही उत्तरे तोंडी नकोत. एजंटाकडून पॉलिसीच्या मजकुरात बोट ठेवून घ्या.

एक नावाचा घोटाळाही दूर करू. १९९१ चा 'पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स ॲक्ट' आहे. तो भोपाळच्या दुर्घटनेनंतर आला, घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना विमा सक्तीचा करण्यासाठी. आपल्या फ्लॅटला तो लागू नाही. घरमालकाचे दायित्वाचे कव्हर ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक आहे म्हणूनच ते राहून जाते.

आता गॅसचा विषय. सार्वजनिक क्षेत्रातल्या तेल कंपन्यांनी घरगुती गॅस ग्राहकांसाठी सामूहिक विमा घेतलेला असतो. गॅसमुळे अपघात झाला तर मृत्यूसाठी प्रत्येकी ६ लाख रुपये, उपचारासाठी प्रत्येकी कमाल २ लाख आणि एका घटनेला ३० लाखांपर्यंत, आणि मालमत्तेसाठी २ लाखांपर्यंत, अशी त्याची मांडणी आहे. पण मालमत्तेचे कव्हर नोंदवलेल्या पत्त्याच्या जागेसाठी आहे. आपल्याकडे काय होतं? कनेक्शन गावच्या पत्त्यावर, सिलिंडर मित्राचा, नळी पाच वर्षांपूर्वीची. मग दावा अडकतो. म्हणून भाडेकरूला सांगा, कनेक्शन या पत्त्यावर नोंदवून घे. घर देताना नळी आणि रेग्युलेटर बघा. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गीझर ठेवूच नका. त्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही येत नाही, आणि माणूस आत बेशुद्ध पडतो.

यानंतरचा मुद्दा वापराचा. संत तुकाराम नगरात तो फार मोठा आहे. एका कुटुंबाला दिलेला फ्लॅट वेगळा, आणि त्याच फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर आठ मुले वेगळी. पीजी हा धंदा आहे. विमा कंपनी त्याला साधे घर मानेलच असे नाही. आपण प्रस्तावात 'स्वतः राहतो' असे लिहिले आणि आग लागल्यावर आत आठ कॉट सापडले, तर कंपनी खरी माहिती लपवली म्हणून दावा नाकारू शकते. विम्याचा करारच पूर्ण विश्वासावर उभा असतो. त्यामुळे घर भाड्याने दिले, वापर बदलला, मजला वाढवला किंवा घर महिनाभराहून जास्त रिकामे राहणार असेल, तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पीजीत स्वयंपाकी, सफाई कामगार, वॉचमन पगारावर असतील, तर कर्मचारी भरपाईचा विमाही बघून ठेवा.

दुकान, गोदाम किंवा छोटे वर्कशॉप भाड्याने दिले असेल, तर गृह रक्षा चालत नाही. तिथे 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेची पॉलिसी येते. तिच्यात आणि घराच्या पॉलिसीत एक मोठा फरक आहे. घराच्या पॉलिसीत कमी रकमेचा विमा घेतला तरी प्रमाणात कपात करत नाहीत, त्या रकमेपर्यंत पूर्ण देतात. सूक्ष्म उद्यममध्ये कमी विम्याला १५ टक्क्यांपर्यंतच सूट आहे. समजा शेड ४० लाखांची आहे आणि विमा २० लाखांचा काढला. नुकसान ४ लाखांचे झाले. आपल्याला वाटते, २० लाखांचा विमा आहे, ४ मिळतील. पण मालमत्तेच्या निम्म्याचाच विमा आहे, म्हणून मिळतील सुमारे २. वाचवलेला हप्ता तिथे महागात पडतो. आणि शेडमध्ये प्रत्यक्ष काय चालते ते मालकाला माहीत हवे. करारात 'फॅब्रिकेशन' लिहिले आहे आणि आत ज्वालाग्राही माल आहे, अशा जागेचा विमा दाव्याच्या वेळी उभा राहणे कठीण. तीन-चार महिन्यांतून एकदा जाऊन बघा, तो अधिकार करारातच लिहून घ्या.

२००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदाही लक्षात असू द्या. तो ज्या इमारतींना लागतो, तिथे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे 'फॉर्म बी' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यावे लागते. आपल्या सोसायटीचे शेवटचे प्रमाणपत्र कधीचे आहे, हे सभेत विचारा.

आता करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा तोटा असा, की नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते, आणि ते खोटे ठरवायचे ओझे आपल्यावर येते. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या.

करारात विम्यापुरती चार वाक्ये असावीत. जागेचा वापर कशासाठी आणि किती माणसे राहणार. वीज, गॅस, प्लंबिंगमधला बिघाड भाडेकरूने व्हॉट्सॲपवर किंवा लेखी लगेच कळवायचा, आणि मालकाने ठरलेल्या दिवसांत दुरुस्त करायचा. भाडेकरूने आपल्या सामानाचा विमा स्वतः घ्यायचा. मालकाला आधी सांगून पाहणी करता येईल. चावी देताना घराचे फोटो काढा, वायरिंग आणि मीटरचेही. गळती रोखणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसलेला नसेल, तर या आठवड्यात इलेक्ट्रिशियनला बोलवा. शॉकने होणारे मृत्यू टाळायला त्याच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही.

आता समजा घटना घडली. तर क्रम लक्षात ठेवा. आधी माणसे बाहेर काढा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. मग विमा कंपनीला लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. नुकसान वाढू नये म्हणून पाणी, वीज बंद करा, पण सर्व्हेअर येईपर्यंत जळालेले सामान हलवू नका. हलवावेच लागले तर आधी फोटो काढा. अग्निशमन दलाचा अहवाल आणि पंचनाम्याची प्रत घ्या. आणि दुसऱ्याला इजा झाली असेल तर माणुसकीने दवाखान्यात न्या, मदत करा, पण 'चूक माझी, मी सगळे भरतो' असे लिहून देऊ नका. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल केली, तर दायित्वाच्या बहुतेक पॉलिसींत दावा धोक्यात येतो.

सभेतून आलेले काही प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न असा, की आग भाडेकरूच्या चुकीने लागली तर विमा मिळतो का? मिळतो. भाडेकरूचा निष्काळजीपणा हे मालकाचा दावा नाकारायचे कारण होत नाही, मालकाचा स्वतःचा हेतू किंवा संगनमत नसेल तर. पण आपल्याला पैसे दिल्यावर कंपनी आपल्या जागी उभी राहून भाडेकरूकडून वसुली करू शकते. याला प्रत्यासन म्हणतात. म्हणून दावा चालू असताना भाडेकरूला 'तुझ्यावर माझा काही दावा नाही' असे परस्पर लिहून देऊ नका.

दुसरा प्रश्न. डिपॉझिटमधून भागणार नाही का? डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढे असते. तुटलेला नळ, रंग, थकलेले वीजबिल यांना ते पुरते. आगीला पुरत नाही.

तिसरा. इमारत जुनी आहे, पुनर्विकासाची चर्चा चालू आहे, तर विमा कशाला? उलट अशा वेळीच तो लागतो. चर्चा कधीकधी दहा वर्षे चालते आणि तोवर माणसे तिथेच राहतात. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. अहवालात स्लॅब धोकादायक आहे असे आले आणि तरी आपण ती खोली भाड्याने दिली, तर मघाचे कलम ५७ आठवा. तिथे विमाही मदतीला येईल याची खात्री देता येत नाही.

चौथा प्रश्न दावा नाकारला तर काय, असा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाखांपर्यंतच्या वैयक्तिक दाव्यांसाठी ही सोय आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि पुण्यात कार्यालय आहे. आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच.

शेवटी घरी जाऊन करायच्या गोष्टी सांगतो. कपाटातली पॉलिसी काढा. तिच्यावर पत्ता बरोबर आहे का, वापर 'भाड्याने दिलेले' असा लिहिला आहे का, भाड्याचे नुकसान येते का, आणि 'लायबिलिटी' हा शब्द कुठे सापडतो का, एवढे पाहा. सापडला नाही तर उद्या एजंटाला फोन करा. आणि रविवारी भाडेकरूकडे एक चक्कर टाका. कठडा हलवून बघा, गीझरचे अर्थिंग तपासून घ्या, टाकीचा पाया बघा, गॅसची नळी बघा. आपल्या घरात राहणारी ती वायसीएमची नर्स, तो कॉलेजचा मुलगा, त्यांच्या आईवडिलांनी आपल्या भरवशावर त्यांना इथे ठेवले आहे. त्यांना काही होऊ नये, हा आपला पहिला विचार. आणि झालेच, तर त्यांना वेळेवर पैसे मिळावेत आणि आपले घरही विकावे लागू नये, यासाठी तो कागद.